झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. संसारात तिचा उपयोगही फार. धंद्यात खोट आली तरी दुकान रोजच्या वेळेला उघडायचे. मुलाची नोकरी सुटली तरी पाहुण्यांना ‘सध्या रजेवर आहे’ म्हणून सांगायचे. सुरतेसारख्या व्यापारी शहरात तर पत हेच मोठे भांडवल. पेढी डबघाईला आल्याची नुसती कुणकुण लागली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवीदार दारात उभे. तेव्हा मूठ झाकून ठेवण्यात निव्वळ ढोंग असते असे म्हणता येणार नाही. पुष्कळदा ती घर सावरण्यासाठी घेतलेली उसंत असते.

परंतु जे घराला शोभते ते राज्याला आणि सैन्याला शोभते काय? रणांगणावर हार झाली तर ती सांगावी की झाकावी? झाकावी म्हटले तर कोणापासून आणि किती दिवस? आणि झाकली, तर तिची किंमत कोण मोजतो? हा प्रश्न केवळ सेनापतींचा नाही. तो शिक्षकाचा आहे, पालकाचा आहे, आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या, दोन तऱ्हांनी इतिहास ऐकणाऱ्या कुटुंबांचा तर विशेषच आहे.

पराभव म्हटला की मराठी माणसाला पहिल्यांदा पानिपत आठवते. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते मराठी भाषेने लपवले नाही. लपवणे राहिले दूर, ते तिने रोजच्या बोलण्यात मुरवून घेतले. गणिताचा पेपर अवघड गेलेला मुलगाही ‘पानिपत झाले’ म्हणतो आणि त्याच्या अडाणी आजीलाही त्याचा अर्थ कळतो. ती बातमी दक्षिणेत आली ती एका सावकारी पत्रातून, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पत्रात मोती गळाल्याचे, मोहरा हरवल्याचे आणि रुपये-खुर्दा तर मोजताच येत नसल्याचे सांकेतिक शब्दांत लिहिले होते. मोती म्हणजे कोण हे वाचणाऱ्याला कळले. गंमत अशी की ते पत्र गुप्त होते, पण खोटे नव्हते. वाटेत ते कोणाच्या हाती पडले असते तरी त्याला फारसे काही उमगले नसते. ज्याच्यासाठी होते त्याला मात्र सगळा हिशेब मिळाला. गुप्त राखणे आणि खोटे सांगणे यांतला हा फरक पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

पानिपताच्या बरोबर अठरा वर्षांनी, पुन्हा संक्रांतीच्याच दिवसांत, आणखी एक मोठा पराभव झाला. तो आपला नव्हता. आपण जिंकलो होतो. हरले होते मुंबईचे इंग्रज. आणि त्यांनी तो पराभव असा काही झाकला की हरणाऱ्यांबरोबर जिंकणारेही तो बव्हंशी विसरून गेले. त्या प्रकरणाची सुरुवात आपल्या सुरतेत झाली आणि त्याच्यावर पडदा ओढण्याचे कामही सुरतेतूनच झाले. म्हणून त्याची आठवण येथे करणे अगदीच अस्थानी होणार नाही.

* * *

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर बसले. पण बारभाईंनी त्यांना मानले नाही, आणि पुढच्या वर्षी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म होताच रघुनाथरावांच्या हक्काचा पायाच खचला. पळता पळता ते गुजरातेत आले आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेले. सुरतेचा किल्ला १७५९ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांना फौज द्यायची, त्या फौजेचा खर्च त्यांनी सोसायचा आणि बदल्यात साष्टी, वसई वगैरे मुलूख इंग्रजांना द्यायचा. अटकेपर्यंत झेंडे नेणाऱ्या फौजेचा सेनापती आपल्याच घराची किल्ली परक्याच्या हाती देतो, हा प्रसंग तापीकाठी घडला.

त्या तहावरून सुरू झालेले युद्ध आपण पहिले इंग्रज-मराठा युद्ध म्हणून ओळखतो. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने सुरतेचा तह नामंजूर केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा दुसरा तह केला. मुंबईकरांना तो पचला नाही. विलायतेतून संचालकांचा कल आपल्या बाजूला आहे असे दिसताच १७७८ च्या नोव्हेंबरात त्यांनी रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी फौज रवाना केली. सुमारे ३,९०० माणसे आणि ओझी वाहायला तब्बल १९,००० बैल! कर्नल एगर्टन सेनापती. पण त्याच्याबरोबर कारभार पाहायला समिती, आणि समितीत जॉन कार्नॅक. घाट चढल्यावर या फौजेची चाल रोज मैलभरही पडेना. मराठ्यांच्या तुकड्या सभोवार घिरट्या घालीत होत्या. समोर येऊन लढत नव्हत्या आणि सुखाने पुढेही जाऊ देत नव्हत्या.

४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली तो गाव जळालेला, दाणावैरण नाही. पुणे अवघे अठरा मैलांवर होते. गरज पडली तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायची तयारी नाना फडणिसांनी आणि सरदारांनी ठेवली होती. इंग्रजांच्या समितीचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून, सामान पेटवून देऊन फौज गुपचूप मागे फिरली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी तिला गाठले आणि घेरले. पिछाडीला कॅप्टन हार्टलीच्या शिपायांनी शर्थ केली. पण वडगावला पोचेपर्यंत शेकडो माणसे कामी आली होती किंवा पांगली होती. वाट बंद झाली होती.

मग वडगावचा करार झाला. १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख परत करायचा. बंगालहून येणारी फौज परत पाठवायची. भडोचच्या वसुलातील हिस्सा महादजींना द्यायचा. शिवाय त्यांच्या माणसांना ४१,००० रुपये. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले. फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट असे दोन इंग्रज ओलीस ठेवले गेले. एवढ्यावर बाकीच्या फौजेला मुंबईचा रस्ता मोकळा करून देण्यात आला.

* * *

आता या पराभवाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

घाट उतरून सुरक्षित जागी येताच समितीने बंगालच्या फौजेला ‘परत फिरा’ म्हणून पाठवलेला हुकूम मागे घेतला. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने हा करार आम्हाला बंधनकारक नाही, असा करार करण्याचा समितीला अधिकारच नव्हता, अशी भूमिका घेतली. कार्नॅक, एगर्टन आणि शेवटी सैन्याची सूत्रे हाती घेतलेला कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. इकडे बंगालच्या फौजेचा सेनापती गॉडर्ड याला बऱ्हाणपुरास असताना या गडबडीचा सुगावा लागला. तो परत फिरला नाही. खानदेशातून, आज भुसावळ-सुरत गाडीने आपली माणसे जा-ये करतात त्या तापीच्या खोऱ्याने, झपाट्याने मजला मारीत तो फेब्रुवारीअखेर सुरतेत दाखल झाला. हिंदुस्थान ओलांडून आलेल्या या दौडीचे कौतुक इतके झाले की वडगावची लाज तिच्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. जूनमध्ये रघुनाथरावही नर्मदाकाठाहून निसटून भडोचमार्गे सुरतेला गॉडर्डकडे आले. जणू वडगाव घडलेच नव्हते!

पुढच्या पिढ्यांनी उरलेले काम केले. मुंबईत हॉर्नबीचे नाव समुद्र हटवणाऱ्या हॉर्नबी वेलार्डमुळे आणि हॉर्नबी रोडमुळे दीडदोनशे वर्षे लोकांच्या तोंडी होते. पण त्याच्या कारकिर्दीत मुंबईची फौज तळ्यात तोफा टाकून आली होती, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? आपल्या शाळांतून प्लासी, बक्सार, पानिपत यांच्या सनावळ्या घोकून घेतल्या जातात. वडगाव एका ओळीत उरकते.

पराभव झाकण्याच्या तीन तऱ्हा येथे एकदम दिसतात. एक, दिलेले वचन वचनच नव्हते असे म्हणणे. दोन, दोष ठरावीक माणसांच्या पदरी बांधून बाकीच्यांनी हात झटकणे. तीन, दुसऱ्या एखाद्या पराक्रमाचा गाजावाजा करून लक्ष तिकडे वळवणे. जुनी गोष्ट म्हणून आपण हसतो. पण आपल्या आसपासच्या संस्थांत, पेढ्यांत आणि पक्षांत याच तीन तऱ्हा रोज पाहायला मिळत नाहीत काय?

यातली पहिली तऱ्हा नीतीच्या दृष्टीने सर्वांत कठीण. समितीला अधिकार नव्हता हे कायद्याने कदाचित खरेही असेल. पण ज्याला देण्याचा अधिकार नाही त्याने वचन देऊन आपली मान सोडवून घेतली, तर त्या सुटकेचे काय? प्राचीन रोमच्या इतिहासात हुबेहूब असा प्रसंग आहे. इसवी सनापूर्वी ३२१ मध्ये कॉडिअमच्या खिंडीत सॅम्नाइट लोकांनी रोमन सैन्य कोंडले. सेनापतींनी तह केला आणि सैन्य सोडवून आणले. इतिहासकार लिव्ही सांगतो की रोमने तो तह नाकारला. मात्र तह करणाऱ्यांना हात बांधून शत्रूकडे परत पाठवले. सॅम्नाइटांच्या सेनापतीने त्यांना ठेवून घेतले नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. तह मोडायचा असेल तर माणसे पाठवून भागणार नाही; सगळे सैन्य पुन्हा त्या खिंडीत आणून उभे करा, आणि मग हवे ते करा.

या उत्तरात व्यवहाराचा अस्सल न्याय आहे. बाजारातही माल परत न करता सौदा मोडता येत नाही. मुंबईकरांनी सौदा मोडला आणि माल ठेवून घेतला. शिवाय फार्मर आणि स्टुअर्ट हे त्यांचेच दोन लोक त्या वेळी महादजींच्या ताब्यात होते. करार नाकारताना त्यांच्या जिवाचा विचार झाला असेल तर तो निर्णयात दिसत नाही. ते दोघे वाचले ते महादजींच्या सौजन्याने. १७८० मध्ये त्यांनी दोघांनाही सोडून दिले.

* * *

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. युद्ध चालू असताना आपली हार शत्रूला कळू न देणे हे सेनापतीचे कर्तव्यच आहे. पांगलेल्या फौजेला खरी संख्या सांगितली तर उरलेलेही पळतील, अशी वेळ येते. डॉक्टर रोग्याला निदान सांगताना वेळ पाहतो. त्याला आपण लबाड म्हणत नाही. मग हार झाकणाऱ्याला दोष का द्यावा?

मला वाटते, प्रश्न झाकण्याचा नाही. कोणापासून झाकले याचा आहे. शत्रूपासून झाकणे हा युद्धाचा भाग आहे. स्वतःपासून झाकणे हा मूर्खपणा आहे. आणि ज्यांनी त्या पराभवाची किंमत मोजली त्यांच्यापासून झाकणे हा अन्याय आहे. सावकाराच्या पत्रात पहिला प्रकार होता. दुसरा आणि तिसरा नव्हता.

या कसोटीवर कंपनी सरकारला पाहिले तर एक गोष्ट कबूल करावी लागते. जगापासून तिने वडगाव झाकले, पण स्वतःपासून झाकले नाही. आपल्या माणसांना जाब विचारला, दोषींना घरी बसवले, आणि अशी फौज पुन्हा घाटावर पाठवताना काय टाळायचे याचा विचार केला. तरीही १७८१ च्या एप्रिलात गॉडर्डला बोरघाटातून मार खातच परतावे लागले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याची पाठ सोडली नाही. पण कंपनी थांबली नाही. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा वसई परत द्यावी लागली, तरी साष्टी तिच्याकडेच राहिली. म्हणजे वडगावला जे परत करण्याचे कबूल केले होते, त्यातला मोक्याचा तुकडा तिने सोडला नाही.

आणि आपण? आपण तर जिंकलो होतो. जिंकणाऱ्याला काय झाकायचे असते? पण नीट पाहिले तर त्या विजयाच्या पोटातही एक पराभव होता, आणि तो आपण आजवर नीट पाहिलेला नाही. समोरच्या छावणीत पेशव्यांचा सख्खा चुलतआजा होता. ज्याला पकडण्यासाठी एवढे रण झाले, तो पाच महिन्यांत निसटून पुन्हा सुरतेला इंग्रजांच्या पंगतीला जाऊन बसला. शत्रूची सगळी फौज हातात असताना, करार पाळला जाईपर्यंत तिला थांबवून न ठेवता सोडून देण्यात आले. नाना आणि महादजी यांच्या मनांत एकमेकांविषयी जो किंतू होता, तो त्या विजयाने मिटला नाही. वडगावनंतर चाळीस वर्षांच्या आत, १८१८ मध्ये, शनिवारवाड्याचे राज्य संपले होते. हरलेल्याने आपली हार मोजली. जिंकलेल्याने आपली जीत मोजली नाही. मूठ दोघांनीही झाकली होती. एकाने ती जगासमोर झाकली, दुसऱ्याने आपल्याच डोळ्यांसमोर.

* * *

आता तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे किंमत मोजणाऱ्यांकडे वळू.

कार्ल्याला पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मराठी लोकांच्या आठवणीत राहिला. त्याच्या धाडसाचे शत्रूनेच कौतुक केले आणि त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले. वडगाव मावळला त्याची समाधी आहे. गावकऱ्यांनी तिला मान दिला. मेलेल्या शत्रूच्या शौर्याला फुले वाहणाऱ्या त्या माणसांचा मोठेपणा खरोखर लहान नाही. आता तेथे महादजींचेही स्मारक आहे, हेही योग्यच झाले.

पण हार्टलीच्या पिछाडीत उभे राहून ज्यांनी बाकीच्यांना वडगावपर्यंत जिवंत पोचवले, ते शिपाई कोण होते? मुंबईच्या फौजेतले शिपाई विलायतेतून आलेले नव्हते. कोकणातले आणि घाटावरचे मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायली अशी ती इथलीच माणसे. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंनी पडणाऱ्यांत मराठी बोलणारे होते. त्यांची नावे आपल्या वाचनातल्या पुस्तकांत सापडत नाहीत. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ रोजी पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. कंपनीने ती कोरली, कारण ती लढाई तिने आपल्या विजयाच्या खात्यात लिहिली. वडगाव खात्यातूनच पुसून टाकायचे होते. तेथे पडलेल्यांसाठी स्तंभ कोण उभारणार? मरण तर दोन्हीकडे सारखेच. पुढे कोरेगावच्या त्या नावांपाशी लोक आदराने माथा टेकू लागले, आपल्या पूर्वजांचे शौर्य तेथे पाहू लागले. वडगावच्या शिपायाच्या वंशजाला असा दगड मिळाला नाही. पराभव झाकला की त्याच्याबरोबर माणसेही झाकली जातात, ती अशी.

विसाव्या शतकातही तेच. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, मुंबई बंदरातून सुमारे ८,००० सैनिकांची फौज जर्मन पूर्व आफ्रिकेकडे निघाली. नोव्हेंबरच्या आरंभी टांगा बंदरावर सुमारे हजारभर शत्रूंनी तिचा धुव्वा उडवला. ती बातमी इंग्लंडातल्या जनतेपासून कित्येक महिने दडवून ठेवण्यात आली. सेनापतीने किनाऱ्याची टेहळणी केली नव्हती, येण्याची वर्दी शत्रूला आधीच पोचली होती, समुद्रप्रवासाने सैनिक गळून गेले होते. पण दोष मात्र मुख्यतः हिंदी पलटणींच्या माथी मारला गेला. बातमी दडवलेली, म्हणून चौकशी नाही. चौकशी नाही, म्हणून ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर आळ.

याच्या शेजारी मेसोपोटेमियातील कुत ठेवून पाहा. सहाव्या पुणे डिव्हिजनने तेथे जवळजवळ पाच महिने वेढा सोसला. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिला. साधे शिपाई वाळवंटातून चालता चालता मेले. या मोहिमेतल्या जखमींचे हालही आधी दाबून टाकण्यात येत होते; बसऱ्याला येणाऱ्या बोटींवर जखमींची काय दशा आहे हे सांगणाऱ्या मेजर कार्टर या डॉक्टरला अटकेची धमकी मिळाली. पण ते सत्य दाबले गेले नाही. चौकशी आयोग नेमला गेला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल युद्ध चालू असतानाच प्रसिद्ध झाला, आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. शत्रूला अहवाल वाचायला मिळेल म्हणून राज्य बुडाले नाही. उलट इस्पितळांची आणि रसदीची व्यवस्था सुधारली. मेलेले परत आले नाहीत. पण त्यांच्यानंतर जे त्या वाळवंटात गेले त्यांना त्या मरणाचा उपयोग झाला. पराभव सांगितल्याने होणारा फायदा तो हाच.

आपल्या स्वतंत्र देशातही हा प्रश्न उभा आहे. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली आणि १९६३ मध्ये अहवाल दिला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने उघड केला. सरकारने मात्र अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्यामागे सीमेविषयीची काही सयुक्तिक कारणे असतीलही. पण बर्फात सुती कपड्यांवर उभे राहून जे लढले, त्यांच्या घरच्यांना आपला माणूस कोणाच्या चुकीने गेला हे साठ वर्षांनंतरही सरकारी तोंडून कळू नये, याचे समर्थन करणे कठीण आहे. शत्रूला जे त्याच दिवशी ठाऊक झाले, ते फक्त आपल्याच लोकांपासून झाकलेले राहते!

* * *

या साऱ्या मोठ्या गोष्टी झाल्या. पण शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यांचे छोटे रूप दरवर्षी जूनमध्ये दिसते. ‘शंभर टक्के निकाल’ असे फलक गावोगाव लागतात. पुष्कळ ठिकाणी ते निखळ कष्टाचे फळ असते. पण काही ठिकाणी ते कसे मिळवले जातात हे शिक्षकांच्या जगात कोणाला ठाऊक नाही? नववीतच कच्ची मुले हळूच बाजूला काढायची, कोणाला नापास करून ठेवायचे, कोणाला ‘बाहेरून बसा’ म्हणायचे. शाळेचा पराभव झाकला जातो आणि त्याची किंमत तो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मोजतो. बहुतेक वेळा तो घरात पहिलाच शिकणारा असतो. बाप मागावर किंवा डाइंग हाउसमध्ये रात्रपाळी करतो, आणि शाळेत जाब विचारायला येण्याची त्याला हिंमत होत नाही. फलकावर त्या मुलाचे नाव नसते. पिछाडीच्या शिपायासारखाच तो मोजणीतून गळालेला असतो.

आणि दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांचे काय? तापीकाठच्या आपल्या घरांत शिवाजी महाराजांची १६६४ आणि १६७० ची सुरतेची स्वारी पराक्रम म्हणून सांगितली जाते. शेजारच्या गुजराती घरात तीच ‘लूंट’ म्हणून सांगितली जाते. मुलगा दोन्ही ऐकतो आणि गोंधळतो. आपण त्याला गप्प बसवतो किंवा शेजाऱ्याला वैरी ठरवतो. त्यापेक्षा त्याला पूर्ण हिशेब द्यावा. मोगलांशी चाललेल्या झुंजीत स्वराज्याची तिजोरी रिकामी झाली होती, हेही सांगावे. आणि ज्याने शहर राखायचे तो मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि सामान्य सुरतकर उघड्यावर पडला, हेही सांगावे. म्हणजे मुलाला कळेल की आपल्या घरातला विजय शेजारच्या घरातली दुखरी आठवण असू शकतो, आणि शेजाऱ्याच्या दुखण्याला मान दिल्याने आपला विजय लहान होत नाही. मावळच्या लोकांनी इष्टुर फाकड्याला मान दिला म्हणून महादजींची जीत थोडीच कमी झाली?

म्हण खोटी नाही. मूठ झाकावी लागते. पण झाकलेल्या मुठीत काय आहे हे झाकणाऱ्याने तरी विसरू नये, आणि जे त्या मुठीत भरडले गेले त्यांना योग्य वेळी ती उघडून दाखवावी. पेढी सावरली की पहिला हिशेब ठेवीदाराला द्यायचा असतो. युद्ध संपले की पहिला हिशेब शिपायाच्या घरी गेला पाहिजे. निकाल लागला की पहिली विचारपूस नापास झालेल्या मुलाची झाली पाहिजे. एवढे ज्या समाजाला जमते त्याला आपल्या पराभवांची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही, आणि त्याचे विजयही त्याला फसवीत नाहीत.